मागचा आवाज

उत्कर्षा भोकरे नेमकं काय करते, हे तिच्या वडिलांना अजून धड सांगता येत नव्हतं. सोसायटीतल्या कुणी "साऊंड इंजिनिअर म्हणजे गणपतीत स्पीकरच्या भिंती लावतात तेच ना?" असं विचारलं की बद्रीनाथराव आधी जोरात नाही म्हणायचे, मग जरा अडायचे आणि शेवटी "कॉम्प्युटरवर असतं तिचं" असं सांगून पाण्याच्या टँकरचा विषय काढायचे. पुण्यात कॉम्प्युटरवर असतं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. उत्कर्षाने सुरुवातीला त्यांना समजावून पाहिलं, चार लोकांना काय सांगायचं ते पाठ करून घेतलं, आणि मग कंटाळून सोडून दिलं.

खरं तर आपण काय करतो हे सांगावंसं तिलाच वाटत नव्हतं. धायरीत अवधूत माने नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. खाली टाइल्सचं दुकान, वर हा. शिक्षण संपल्यापासून ती तिथेच चिकटली होती. शिकताना डोळ्यांपुढे चांगले गळे होते, चांगली वाद्यं होती, आणि काचेच्या अलीकडे बसून ते सगळं जसंच्या तसं धरून ठेवणारी आपण. वाट्याला आलं ते "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". बँकांचे आणि इस्पितळांचे फोनवरचे आवाज, औषधं विकणाऱ्या पोरांसाठी प्रशिक्षणाचे धडे, वाघोलीत हक्काचं घर घ्या म्हणून ओरडणारे बिल्डर, आणि निवडणुका आल्या की एकाच चालीवर चार पक्षांची गाणी. अर्धं पुणे रोज तिचं काम ऐकत होतं आणि फोन कानापासून लांब धरत होतं. असल्या कामावर कुणाचं नाव नसतं, आणि नसलेलंच बरं.

मुंबईतल्या स्टुडिओंना तिने विचारून पाहिलं होतं. तिथली माणसं गोड बोलायची आणि शेवटी एकच विचारायची, "क्रेडिट्स काय आहेत तुमची?" नाव लागायला तसं काम हवं, आणि तसं काम मिळायला आधी कुठेतरी नाव लागलेलं हवं. ही सोय ज्याने काढली त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनवायची तिची फार इच्छा होती. वैताग असा रोज थोडा थोडा साचत होता. वडील अधूनमधून म्हणायचे, बँकेच्या परीक्षा देऊन बघ. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या उन्हाळ्यात एक जाहिरात आली. शहरातल्या एका संगीत-संग्रहालयाला ध्वनिमुद्रक हवा होता, कायमच्या जागेवर. काम काय, तर जुन्याजाणत्या गायक-वादकांकडे जायचं, त्यांचं गाणं आहे तसं मुद्रित करायचं आणि जपून ठेवायचं. उत्कर्षाने ती जाहिरात वाचली आणि समोरचा चहा साय धरेपर्यंत तशीच बसून राहिली. यापेक्षा वेगळं तिला आयुष्यात काही नकोच होतं. फक्त एक अट होती. अर्जासोबत शास्त्रीय संगीताचं निदान एक प्रकाशित मुद्रण जोडायचं, आणि त्यावर ध्वनिमुद्रक म्हणून उमेदवाराचं नाव हवं. इतक्या वर्षांत तिच्या नावावर तसं एकही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात अवधूतला कोथरूडहून केयूर सोमणांचा फोन आला. आईचं गाणं रेकॉर्ड करायचंय, म्हणाले. आई म्हणजे वासंतीबाई सोमण.

हे नाव ऐकून उत्कर्षा खुर्चीतून उठलीच. वासंतीबाई शाळेत गाणं शिकवून कधीच निवृत्त झाल्या होत्या, घरच्या शिकवण्या मात्र अजून चालू होत्या. मैफिली मोजक्याच केल्या, पण ज्यांनी ऐकल्या ते अजूनही त्यांच्या तोडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. रेकॉर्ड मात्र एकही नाही. जे विचारायला आले त्यांना बाईंनी चहा देऊन वाटेला लावलं. आता ऑगस्टमध्ये त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून घरच्यांनी हौसेने करायचा तो सोहळा. त्या दिवशी आईचं गाणं प्रकाशित करायचंच, असं केयूरने घेतलं मनावर, आणि मुलापुढे बाईंचं काही चाललं नाही. सोहळा रविवारी होता. संग्रहालयाच्या अर्जाची मुदत सोमवारी संपत होती.

बाई स्टुडिओ बघायला आल्या त्या अटी घेऊनच.

"हेडफोन मी लावणार नाही," खुर्चीवर टेकता टेकता त्या म्हणाल्या. "यंत्रातले तंबोरे चालणार नाहीत. माझी जोडी येईल. तबला नको, पेटी नको, नुसती आलापी. आणि तंबोरे धरणाऱ्या मुली माझ्या मागे बसतील. काचेपलीकडे नाही."

अवधूत हसला. माणूस वाईट नव्हता, पण गाण्याकडे बघताना त्याला आधी ट्रॅक दिसायचे. "बाई, तंबोरे आपण वेगळे घेऊ ना. सेपरेट. म्हणजे नंतर कमी-जास्त करता येतात."

"मला ते कमीही नकोत आणि जास्तही नकोत."

"तसं नाही, पण एकाच खोलीत घेतलं की सगळं एकमेकांत मिसळतं. नंतर हातात काही राहत नाही."

"दादा, नंतर हातात काही राहायला कशाला हवं?" उत्कर्षा मध्येच म्हणाली. "एकत्रच घेऊ. मी करते."

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवून पाहिलं. अवधूतने खांदे उडवले, आणि बिघडलं तर मला सांगायचं नाही, असं बजावून तो खाली टपरीवर गेला.

मुद्रण सकाळी ठेवलं, कारण बाई तोडी गाणार होत्या आणि तो राग सकाळचा. उत्कर्षाने आदल्या दिवशीच खाली जाऊन टाइल्सवाल्याच्या हातापाया पडून कटिंग मशीन दुपारपर्यंत बंद ठेवायला लावलं. एसी बंद, पंखा बंद. जूनचा उकाडा मी म्हणत होता. स्वराली आणि संस्कृती या बाईंच्या दोन शिष्या तंबोरे घेऊन मागे बसल्या आणि बाई खुंट्या पिळायला लागल्या. तारेखालचा दोरा सूतभर इकडे, सूतभर तिकडे. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, मनासारखी उघडेपर्यंत एवढा वेळ गेला की अवधूतने काचेतून दोनदा घड्याळ दाखवलं. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माइक वीतभर मागे घेत होती, परत पुढे आणत होती, जमिनीवर बसून, डोळे मिटून, खोलीत कुठे कान ठेवला की दोन्ही तंबोरे आणि बाई मिळून एक होतात ते शोधत होती. ती जागा सापडली तेव्हा तिला हसू आलं. बाईंनी ते पाहिलं आणि षड्ज लावला.

गळा म्हातारा झाला होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. पण बाईंना ते माहीत होतं आणि त्यांनी त्याची सोय गाण्यातच लावली होती. श्वास संपत आला की त्या सूर हलकेच तंबोऱ्यात सोडून द्यायच्या, आणि पुढचा श्वास घेऊन तिथूनच उचलायच्या. मधे सूर तुटला असं वाटतच नव्हतं. तेवढा वेळ तो तंबोऱ्यांनी धरलेला असायचा. उतरत्या गंधारावर त्या अशा काही रेंगाळल्या की काचेमागे उत्कर्षाचे डोळे भरून आले. तिला रडायचं नव्हतं. आवाजाची लेव्हल बघायची होती. तिने बाहीने डोळे पुसले आणि लेव्हल बघितली.

नंतर तिने ते बाईंना मोठ्या स्पीकरवर ऐकवलं. बाई शेवटपर्यंत न हलता ऐकत राहिल्या.

"बरं आलंय," त्या म्हणाल्या. जिन्यापर्यंत गेल्यावर मागे वळून त्यांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

उत्कर्षा त्या दिवशी घरी गेली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आता सांगता येईल तुम्हाला." पुढे दोन दिवस तिने त्या मुद्रणाला जवळजवळ हात लावला नाही, आणि हात न लावणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मग फाइल केयूरला पाठवली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. केयूर सोमण पन्नाशीचे, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर, बोलायला अतिशय सभ्य.

"उत्कर्षा, फारच सुंदर झालंय. थँक यू. फक्त एक छोटीशी गोष्ट. मागे एक कंटिन्युअस आवाज येतोय बघा."

"मागे तंबोरे आहेत, सर."

"तो नाही का कमी करता येणार? फोनवर ऐकलं की आईपेक्षा तोच जास्त वाटतो."

"सर, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका ना. बरे हेडफोन लावून ऐका एकदा."

"अहो, पण सगळे फोनवरच ऐकणार आहेत. माझी बहीण न्यू जर्सीत फोनवरच ऐकणार. आईचा आवाज क्लीन हवाय मला. नुसता आईचा."

उत्कर्षाने समजावलं. एकाच खोलीत, एकाच हवेत घेतलेलं गाणं आहे, त्यातून तंबोरा वेगळा निघत नाही, ओढून काढला तर बाईंच्या सुराची टोकं त्याच्याबरोबर जातील. केयूरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, आता एआय आहे. आम्ही ऑफिसमध्ये मीटिंगचं रेकॉर्डिंग असंच साफ करतो. एक बटण दाबायचं. माणसाचा आवाज राहतो, बाकी सगळं जातं."

"ही मीटिंग नाहीये, सर," असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"बरं, बघू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अवधूतने अर्थातच झापलं. क्लायंटशी असं बोलतात का? त्यांची आई, त्यांचं गाणं, त्यांना तंबोऱ्याऐवजी बेडकांचा आवाज हवा असला तरी आपण बेडूक घालायचे. उत्कर्षाने ठाम नाही म्हटलं. "मी नाही करणार, दादा. तुम्हीही करू नका." तो म्हणाला, मी कशाला करतोय, मला दुसरी कामं आहेत. आणि पुढचे कितीतरी दिवस कोणी काही बोललं नाही. केयूरचा फोन नाही, मेसेज नाही. तिने समजूत करून घेतली की प्रकरण मिटलं. उलट शुक्रवारी सोहळ्याचं आमंत्रण आलं आणि त्याच्यासोबत दोन ओळी होत्या: "आईचं गाणं रविवारी रिलीज करतोय. ध्वनिमुद्रण म्हणून तुमचंच नाव टाकलंय. नक्की या." तिने ते वडिलांना वाचून दाखवलं. बद्रीनाथरावांनी तिच्यासाठी नवी साडी काढायला लावली. अर्ज तिने भरूनच ठेवला होता, लिंकपुरती एक चौकट रिकामी होती. लॅपटॉप बरोबर घेऊनच ती कोथरूडला गेली. कार्यक्रम झाला की तिथूनच पाठवून टाकायचा, उद्यावर ठेवायचं नाही.

मंगल कार्यालय माणसांनी भरलं होतं. पैठण्या, अत्तर, गजरे, मसालेभाताचा वास. वासंतीबाईंना मोठ्या खुर्चीवर बसवून वयाइतक्या दिव्यांनी ओवाळलं. बाई कंटाळल्या होत्या, ते त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. मग केयूर माइक घेऊन उभे राहिले. आईने आयुष्यभर कसं शिकवलं, स्वतःचं गाणं कसं मागे ठेवलं, ते त्यांनी सांगितलं. खोटं काही नव्हतं त्यात. "आणि हे ज्यांनी रेकॉर्ड केलं त्या उत्कर्षा भोकरे इथे आहेत," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्कर्षा अर्धवट उभी राहून बसली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं तिला अगदी साफ कळत होतं.

आणि गाणं सुरू झालं.

पहिला षड्ज आला आणि उत्कर्षाला वाटलं, एक स्पीकर बंद पडलाय. मग तिला कळलं. तंबोरे नव्हते. कमी केले नव्हते, नव्हतेच. मोकळ्या, मेलेल्या जागेत एका म्हाताऱ्या बाईचा आवाज एकटाच चाचपडत होता. जिथे जिथे बाईंनी सूर तंबोऱ्यात सोडला होता तिथे तो कापल्यासारखा थांबत होता. मग काहीच नाही. मग पुन्हा आवाज, कुठून उचलला ते कळू नये असा. गंधारावरचं ते रेंगाळणं त्या यंत्राला समजलंच नव्हतं. त्याने ते मधेच ओबडधोबड पुसून टाकलं होतं.

"किती क्लिअर आहे नाही?" पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या.

उत्कर्षाला ओरडावंसं वाटलं. पुढे जाऊन ती वायर उपटावीशी वाटली. तिने बाईंकडे पाहिलं. बाई ताठ बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

टाळ्या झाल्या, पंगत बसायची गडबड सुरू झाली. बाई दमल्या म्हणून त्यांना 'वधूपक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत नेलं. उत्कर्षा मागोमाग आत गेली. बाई पलंगावर बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी मला सांगायला हवं होतंस गं."

"काय, बाई?"

"की श्वास पुरत नाही आता. गर्दीत तंबोरे बुडाले आणि सगळं तुटक उघडं पडलं. एक सूर धड उभा राहत नाही. त्या दिवशी मला वाटलं बरं गायले. वय झालं की कानही खुशामत करतात वाटतं." त्यांनी पदर नीट केला. "चुकलंच माझं. इतकी वर्षं नाही म्हणत आले तेच ठीक होतं."

आपल्या हट्टाने, आपल्या नावाने हे या बाईंच्या पदरात पडलंय, असं उत्कर्षाला वाटलं, आणि केयूरचा भयंकर राग आला. तिने पिशवीतून लॅपटॉप आणि हेडफोन काढले.

"बाई, हे लावा. मला माहितीये तुम्ही लावत नाही. आज लावा."

बाईंनी लावले. उत्कर्षाने मूळ मुद्रण सुरू केलं. बाईंचे डोळे मिटले. मांडीवरचं बोट तारा छेडल्यासारखं हलायला लागलं. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"तंबोरे कुणी काढले?" त्यांनी विचारलं.

"केयूर सरांनी. मी नाही म्हटलं होतं. मला आत्ता इथे ऐकल्यावर कळलं."

"बोलाव त्याला."

केयूर हातातली यादी तशीच घेऊन आले, जेवणाच्या गडबडीतून, घामाघूम. आईने त्यांना पलंगावर शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. "ऐक," म्हणाल्या. उत्कर्षा बघत राहिली. आता कळेल, आता तरी कळेल यांना, असं ती मनाशी म्हणत होती. केयूरने ऐकलं. घाई केली नाही. ऐकता ऐकता ते हसले, आणि ते हसू काही वेगळंच होतं.

"हा आपल्या घरातला आवाज," हेडफोन काढत ते म्हणाले. "डोळे मिटले की मी सात वर्षांचा होतो."

"मग काढलास का?"

"आई, तू चिडू नकोस. मला झोप लागायची ना, तेव्हा पलीकडच्या खोलीत हेच चालू असायचं. सकाळी उठलो की हेच. मी हाक मारायचो, तू ओ द्यायची नाहीस. तंबोरा चालू असला की आईकडे जायचं नाही, असा नियमच होता आपल्याकडे." "म्हणून म्हटलं, एकदा तरी तुझा आवाज त्याच्याशिवाय ऐकावा. नुसती तू. मी रोज ऐकतोय गाडीत, गेला महिनाभर."

बाहेर कुणीतरी जिलबी वाढायला माणसं मागत होतं. वासंतीबाईंनी मुलाच्या केसांवरून हात फिरवला, विरळ होत आलेल्या, पांढऱ्या केसांवरून.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे ते तसंच."

"बाई," उत्कर्षा म्हणाली, "निदान दोन्ही टाकू. हेही टाकू."

"नाही. ते आलं की याचं चुकलं असं चार लोक म्हणणार. म्हणणारच, आपल्या गावात तेवढं तर सगळ्यांना कळतं. मी असेपर्यंत नाही. तू तुझ्याकडचं नीट जपून ठेव."

"मी असेपर्यंत म्हणजे... बाई, उद्या माझ्या अर्जाची शेवटची तारीख आहे." तिला सांगायचं नव्हतं, पण आता ती थांबू शकली नाही. संग्रहालय, ती जागा, ती अट, सगळं तिने रागारागाने सांगून टाकलं. आवाज चढला. केयूर संकोचून यादीकडे बघत राहिले.

"मग यात अडचण काय आहे?" ते म्हणाले. "लिंक आहे, नाव आहे. तेच पाठवा. तुम्हाला नाव हवं होतं ना?"

आणि ते खरंच होतं. अवधूतनेही हेच सांगितलं असतं. समितीतलं कोण बसून आलापी ऐकणार होतं? नाव बघतील आणि पुढे जातील. कदाचित मुलाखतीलाही बोलावतील. आणि ऐकलंच कुणी, तर हिने वासंतीबाईंचा गळा असा केला, एवढंच त्यांना कळेल. उत्कर्षाने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"पाठव," बाई म्हणाल्या. "माझं तर नाव आहेच त्याच्यावर, ते मी कुठे नेऊ. तुझं काम होत असेल तर तुझंही राहू दे."

"ते माझं नाहीये, बाई."

"माझंही नाहीये. पण मुलगा माझा आहे."

कुणावर धड चिडावं तर कुणी उरलं नव्हतं, आणि याचाच उत्कर्षाला जास्त संताप आला. तिने हेडफोनची वायर गुंडाळली, नीट, नेहमीसारखी. लॅपटॉप मिटवला.

"सर," ती म्हणाली, "माझं नाव तिथून काढा."

"अहो, असं काय करताय? पुन्हा विचार करा. इतकी मेहनत घेतलीत तुम्ही."

"आत्ता काढा. मी थांबते."

केयूरने आईकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या. मग केयूरने फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने काहीतरी खालीवर केलं. उत्कर्षा त्या 'वधूपक्ष' पाटीच्या दाराशी नव्या साडीत उभी राहिली.

"झालं," ते म्हणाले. "आता तिथे 'ध्वनिमुद्रण' एवढंच राहिलंय, पुढे काही नाही. ती ओळच काढून टाकू का?"

"नको," उत्कर्षा म्हणाली. "असू दे तशीच."